दोन अंगणांतली खुर्ची

बाबा, आज वर्गात एका मुलीनं आईचाच प्रश्न मला विचारला आणि तेव्हापासून तुम्ही डोळ्यांपुढून हलला नाहीत. मी पुसदच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. दूर दोन देशांची लढाई जुंपली आहे. आपले पुढारी एकाला मिठी मारतात, दुसऱ्याला फोन करतात. आपल्यासारखेच वर येऊ पाहणारे आणखी दोन-तीन देश ‘बोलणी आमच्याकडे करा’ म्हणून पुढेपुढे करतात. मोठ्यांच्या पंगतीत बसायची हीच वेळ असते, असं मी समजावत होते. ती म्हणाली, "मॅडम, लढाई थांबली काय मंग?"

फुलसावंगीतली ती दोन घरं आठवली. शेताच्या धुऱ्यावरून, दोघांमधल्या बांधावरून, कुऱ्हाडी निघाल्या, एकाचा हात गेला. दोघांचीही मुलं तुमच्या शाळेत, म्हणून गावात दोघांशी बोलणारे तुम्ही एकटेच उरलात. एरवी आपण बौद्ध. त्या अंगणांतून उभ्यानं बोलून परतायचं. आता दोन्हीकडे तुमच्यासाठी लोखंडी खुर्ची मांडली जाऊ लागली, चहा घरातल्या कपातून येऊ लागला. तुम्ही सांगताय, आई भाकर थापतेय, मान वर न करता विचारतेय, "भांडन मिटलं काय?"

"मिटन हळूहळू. पन खुर्ची देल्ली त्यायनं, दोघाईनंबी."

तुमचा चेहरा इतका उजळलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

पुढे कुणाच्या तरी लग्नात त्या दोघांनी आपसातच मिटवून टाकलं. तुम्हाला कोणी कळवलंही नाही. तुम्ही नेहमीसारखे त्यांच्यातल्या एकाच्या अंगणात गेलात, मी सोबत होते. खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली. "गुरुजी, मिटलं ना आता, कायले तरास घेतला?" आदरानंच बोलला तो. तुम्ही उभ्याउभ्या हसलात, बरं झालं म्हणालात. मला त्या माणसाचा आजही राग येतो.

पेरणीच्या दिवसांत धुऱ्यावर पुन्हा कुरबूर झाल्याचं कानावर आलं, तेव्हा तुम्ही कुणाला न सांगता पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केलीत. बोलावणं आलं नाही. काही दिवसांनी आईनं तो सदरा पेटीत ठेवून दिला.

हे लिहून तरी पाठवू कुठे? मघाशी टीव्हीवर बोलणी फिसकटल्याची बातमी आली. तिकडे पुन्हा घरं पडताहेत, माणसं मरताहेत. आणि बाबा, ते ऐकून माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच, की आता आपल्याला पुन्हा बोलावतील.