एकोणनव्वद रोपांच्या सारख्या ओळी

११ जुलै १९५९, सकाळी साडेआठ

धडधडीत खोटं! तेही माझ्याच ओसरीवर. काल पुण्याच्या दवाखान्यातून परतले. मी नसताना गडी कोंडिबानं कलमी आंब्याची रोपं लावली. आज विचारलं, कशी लावलीस? "सगळ्या वळी सारक्या, बाई. एकबी रोप उरलं न्हाई."

रोपं एकोणनव्वद. दवाखान्यात जाण्याआधी गाडीतून मी स्वतः मोजून उतरवली होती. आणि एकोणनव्वद ही मूळ संख्या! दोननं भाग जात नाही, तीननं नाही, पाचनं नाही. बारा साती चौऱ्याऐंशी — पाच उरतात. पुढे बघायलाच नको. सारख्या ओळी होतीलच कशा? एकच ओळ धरली असती तर ती पौडाच्या रस्त्यावर गेली असती!

कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, मूळ संख्या आम्हा जोगिणींसारखी — एक तो देव, दुसरी आपण. तिसऱ्या कुणाची वाटणी चालत नाही. मलाही तेच मानवलं. सोबतीला फक्त एक कुत्रा, टिपू.

अठ्ठ्याऐंशी असतील तर अकराच्या आठ ओळी बसतात. म्हणजे एक रोप लंपास!

आणि टिपू कुठंय? कालपासून दारात आला नाही. "आंब्याखाली निजलाय न्हवं," म्हणतो. वीतभर रोपाखाली कुत्रा? तेही पावसात?

१२ जुलै

डॉक्टरांनी पायऱ्या उतरायला मनाई केली आहे — कोंडिबाला नि त्याच्या बायकोला ते बरोबर ठाऊक! खिडकीतून पाहिलं: कोंडिबाच्या सारजाबाईनं कोपऱ्यातल्या रोपाशी भाकरीचा तुकडा ठेवला. रोपाला भाकरी! करणीबिरणी? मी खाकरले, तर नवऱ्याला म्हणते, "आवो, बाई बगत्यात!"

संध्याकाळी

कोंडिबाला बजावलं — उद्या दुपारी बाराच्या आत लेखी खुलासा. नाहीतर काम बंद.

"मला कुटं लिवता येतंय, बाई?"

तलाठ्याकडून लिहून आण!

"तुमीच मोजा की. पन आत्ता नगं. जरा बरं वाटू द्या तुमाला."

बरं वाटेपर्यंत हा एक रोप आणून लावायला मोकळा. मी ओळखत नाही होय?

१३ जुलै, सकाळी

उतरले. मोजली. पुन्हा मोजली. नऊच्या दहा ओळी. नव्वद!

कमी नाही. एक जास्त.

कोपऱ्यातलं. कलमी नव्हे, गावठी. बुडाशी भाकरी. शेजारच्या काठीला टिपूचा पट्टा.

निजलाय, म्हणाला होता.

बारा वाजता

कोंडिबा कागद घेऊन आला. घेतला नाही. उद्याची भाकरी मी ठेवणार.