खिशातल्या चार गोळ्या

बारक्या,

मी लॉन्ड्रीत चालले, तीनपर्यंत येते. तुला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही.

सकाळी तुझा शर्ट धुवायला घेतला. पाण्यात टाकण्याआधी खिसे तपासायचे, ही आमच्या कामातली सवय. खिशात फिटच्या चार गोळ्या निघाल्या. अरे शहाण्या, डॉक्टर काय म्हणाले होते? जंताच्या गोळीने मेंदूतल्या अळ्या मरतील, पण मरताना तिथे सूज येते आणि फिट यायची भीती तेव्हाच जास्त. म्हणून दोन्ही गोळ्या घ्यायच्या. फिटच्या गोळीने सुस्ती येते, रंधा हातात धरवत नाही, कळतं रे मला. पण थोडे दिवस सुतारकाम थांबलं तर लाकूड काही पळून जात नाही.

जेवण झाकून ठेवलंय. आधी पोटभर जेव, मग आजच्या गोळ्या घे. राहिलेल्या चार एकदम गिळू नकोस.

बाथरूमची आतली कडी मी काढली, तुझ्याच स्क्रू ड्रायव्हरने. चिडू नकोस.

आणखी एक. लहानपणापासून तुला म्हणत आले, ‘तुझ्या डोक्यात किडा वळवळतोय.’ परवा डॉक्टरांनी फोटोत तो खरंच दाखवला, तेव्हापासून मला माझंच तोंड बघवत नाही. परत कधी म्हणणार नाही.

अंघोळ मी आल्यावरच कर. आत मोठ्याने गाणं म्हण, मी दाराशीच बसते. बेसूर म्हटलंस तरी चालेल, फक्त मध्येच थांबू नकोस.

ताई