सहस्रकुंडाला बा रडला

सहस्रकुंड, श्रावण १९५३

माय कासाबाईस येडबाचा पाया पडून नमस्कार.

आमी दोघं बरे हाव. मेंढ्याबी चांगल्या हायत. तुझा गुडघा कसा हाय?

काल बाला धबधबा दाखवला. पाणी असं कोसळायलंय की पायाखालची जमीन हादरती. बा लय वेळ बघत उभा राहिला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "इथं एवढं पाणी दगडावर पडायलंय, अन् माझी लेक घागरभर पाण्यापायी आटलेल्या विहिरीत पडून मेली." आपली कडू गेल्यापासून तो कालच पहिल्यांदा रडला.

माय, 'तूच तिला पाण्याला धाडलं,' असं तू त्याला रोज म्हणायचीस. म्हणून तो घरी बोरीला यायला तयार न्हाई. मी लय समजावलं. त्याला तुझ्या तोंडून 'ये' ऐकायचंय.

तुझा लेक,
येडबा