गरम इस्त्रीचा बांधकामविषयक अभिप्राय

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, मेहुण्यांचा खोकला आणि कुंडीतला तो मरायला टेकलेला गुलाब, तिघांची चौकशी आधी करते आणि तिघेही बरे आहेत असं धरून पुढे जाते. पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच "अगं पण ताई" म्हणता येत नाही.

परवा फोनवर तू रडत जे सांगितलंस त्याचा सारांश मी असा काढला : भोंग्या (तो आता मोठा झाला, तरी पाळण्यात असताना त्याने जे सूर लावले ते ऐकलेल्या मावशीसाठी तो भोंग्याच) धड जेवत नाही, खोलीचं दार लावून बसतो, दोन मित्रांबरोबर मिळून केलेला तो 'बुरूज' नावाचा गेम बंद करून काकाच्या फरशांच्या दुकानात बसणार म्हणतो, आणि हे सगळं त्या गेमच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर लिहिणाऱ्या कुणा एका 'गरम इस्त्री'मुळे. ती मेली कोण ते शोधून काढ आणि तुझ्या पद्धतीने तिला चार शब्द सुनाव, अशी तुझी मागणी. शोध लागला. ती मेली मी आहे. आता उठून पाणी पी आणि मग पुढचं वाच.

सुरुवात तूच केलीस. "ताई, जरा खेळून बघ, आणि खेळणाऱ्यांच्या कट्ट्यावर चार बरे शब्द लिही. पण नाव बदलून हं, नाहीतर मावशीनेच टाळ्या वाजवल्या म्हणतील," हे तुझंच वाक्य. मी तेव्हा कपड्यांना इस्त्री करत होते. फोन टेबलावर ठेवला, नाव मागितलं तिथे समोर जे दिसलं ते टाकलं. इस्त्री हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं (अशा नावासाठीही रांग असते!), तेव्हा चटका बसला त्या क्षणाला साजेसं 'गरम' पुढे जोडलं. कट्ट्यावरच्या मंडळींनी मला पहिल्या दिवसापासून "इस्त्री भाऊ" केलं. एवढ्या ठामपणे बोलणारी व्यक्ती बाई असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मीही दुरुस्ती केली नाही. नोकरीत असताना येणारी निम्मी पत्रं "महोदय" म्हणूनच यायची, त्यामुळे सवय आहे.

तू स्वतःच्या मुलाचा गेम उघडूनही पाहिलेला नाहीस, म्हणून सांगते. एक उंच बुरूज आहे. त्यात राक्षस राहतात. सगळ्यात वर एक राणी अडकलेली आहे आणि आपण जिना चढत तिथवर पोचायचं. वाटेत आपल्याला वाटलं तर एखादी रिकामी खोली ताब्यात घेऊन तिथे आपलं बिऱ्हाड मांडता येतं. कल्पना वाईट नाही. पण धाकटे, राक्षसांनी मला एकदाही मारलेलं नाही. मला प्रत्येक वेळी दरवाजाने मारलं. तिसऱ्या मजल्याचा दरवाजा सरळ जिन्यात उघडतो. जिन्याला कठडा नाही. दार उघडलं की ते आपल्याच छातीवर आपटतं आणि आपण तळघरात. वर संगीत वाजतं, जणू काही आपण पराक्रम करून मेलोय. माझी सगळी हयात नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी शाखेत गेली, जिन्यात उघडणारं दार दाखवून किती नकाशे मी परत पाठवले असतील, आणि माझ्या सख्ख्या भाच्याने तेच दार मला छातीवर मारावं!

तरीही मी आधी कट्ट्यावर जाऊन बाकीचे काय लिहितात ते वाचलं. (दुसऱ्याचे अर्ज वाचल्याशिवाय आपला अर्ज लिहू नये.) काय सांगू. एकाने लिहिलं होतं, "भंगार गेम, पैसे परत द्या." गेम फुकट आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, "डेव्हलपर झोपलेत का?" आणि ते लिहिलं होतं सगळं जग झोपतं त्या वेळी. तिसरा म्हणे, मी लहानपणापासून गेम खेळतोय त्यामुळे मला कळतं. मी लहानपणापासून जेवते आहे, म्हणून मी हॉटेलच्या आचाऱ्याच्या हातातली पळी ओढून घेत नाही. एका महाभागाला राक्षस जास्त हळू वाटत होते, त्याच्याच खाली दुसऱ्याला ते जास्त वेगवान वाटत होते, आणि दोघे मिळून भोंग्याची अक्कल काढत होते. एका सुशिक्षित माणसाने मात्र सभ्यपणे लिहिलं होतं, "तुमच्या गेममध्ये प्रचंड क्षमता आहे." याचा अर्थ आजपर्यंत मला कळलेला नाही आणि त्यालाही कळलेला नसावा. पाण्याच्या टाकीला क्षमता असते.

या गर्दीला शिस्त लागावी म्हणून भोंग्याच्या त्या मित्राने (बशीएवढ्या काचांचा चष्मा लावतो तो, कट्ट्याचा रखवालदार म्हणून त्याला नेमलंय) वर एक सूचना टांगली होती : आधी एक चांगली गोष्ट सांगा, मग उणीव सांगा, शेवटी पुन्हा चांगली गोष्ट सांगा. कडू गोळी केळ्यात घालून कुत्र्याला देतात तशी. आणि सूचनेखाली वेगवेगळे कप्पे : गप्पा, मदत, तक्रारी, आणि शेवटचा 'बांधकामात्मक अभिप्राय'. तुला खरं सांगते, हा शेवटचा कप्पा बघून मला भाच्याचा अभिमान वाटला. एवढ्या बाजारात याला तरी सुचलं की बांधकामासाठी वेगळी खिडकी हवी! कप्प्यात त्या गेमच्या बांधकामाबद्दल एक अक्षरही नव्हतं. म्हटलं, बरोबर आहे, जाणकार कुणी नसेल. मी चष्मा पुसला आणि बसले.

नियमाप्रमाणे लिहिलं. "आपल्या बुरुजाला दरवाजा आहे, ही स्वागतार्ह बाब आहे. तो जिन्यात उघडत असल्याने उघडणारा इसम खाली पडून मरण पावतो. दरवाजाचा रंग बरा आहे." मग कठड्याचं लिहिलं. स्वयंपाकघराचं धुराडं थेट राणीच्या खोलीत निघतं, तिला खोकला कसा नाही, हे विचारलं. एवढ्या उंच इमारतीत, जिथे राक्षस पिढ्यान् पिढ्या राहतात, एकही संडास नाही याकडे लक्ष वेधलं. चौथ्या मजल्यावर मोरी आहे, पण तिला उतार नाही, पाणी जाणार कुठे? शेवटी, त्रुटींची पूर्तता होईपर्यंत परवानगी नाकारण्यात येत आहे, असं लिहून खाली गरम इस्त्री. यात हसण्यासारखं काय होतं ते तू सांग. त्या लेखाखाली लाल बदामांचा खच पडला. "इस्त्री भाऊ, लोळलो!" "भाऊ, पोट दुखलं!" मी उत्तर दिलं की पोट दुखत असेल तर डॉक्टरकडे जा, त्याला आधीपेक्षा जास्त बदाम पडले.

मी दर मजल्याची तपासणी करून लिहीत गेले आणि मंडळी हसत गेली. एवढ्यावर थांबली असती तरी मी सोसलं असतं, पण मग त्यांनी माझी भाषा उचलली. ज्यांना काल "भंगार" या शब्दापलीकडे शब्द माहीत नव्हता ते आज "उपरोक्त राक्षस तळघरात विनापरवाना वास्तव्य करीत असून" असं लिहू लागले. कुणी ड्रॅगनला नोटीस बजावली. कुणी राणीला पोटभाडेकरू ठरवलं. (शुद्धलेखन चुकीचं. ते मी दुरुस्त करून दिलं. पुन्हा बदाम.) सगळा कप्पा नोटिसांनी भरला आणि खऱ्या सूचना देणारं माणूस मी एकटी उरले.

आता तुझ्या चिरंजीवांचा पराक्रम ऐक. त्याने माझं वाचून मुकाट्याने कठडा बसवला. दारही आतल्या बाजूला उघडणारं केलं. अगदी योग्य उंचीचा, मजबूत कठडा. मी वर जाऊन हात टेकवून पाहिला. कामाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्याच मंडळींनी बोंब ठोकली, "कठडा हटवा!" पडण्यातच खरी मजा होती म्हणे. मित्रांना घेऊन यायचं आणि त्यांना दार उघडायला लावायचं, यासाठीच ते गेम खेळत होते. म्हणजे इस्त्रीमुळे कठडा बसला आणि कठड्यामुळे शिव्या बसल्या. भोंग्याने संध्याकाळी कठडा काढला, तर दुसरा गट उठला, "कठडा परत द्या, आमचे इस्त्री भाऊ म्हणाले होते!" त्याने पुन्हा बसवला. मग पुन्हा काढला. मी असल्या साहेबांच्या हाताखाली काम केलेलं आहे. ते चांगले असतात आणि त्यांची कुठलीच इमारत पुरी होत नाही.

आणि मग मला हाकललं! रखवालदाराने कट्ट्यावरून आणि गेममधूनही, दोन्हीकडून. कारण वाच, मी शब्दशः उतरवून घेतलं : "भाऊ, आता बस झालं. कन्स्ट्रक्टिव्हचं भाषांतर मशीनने बांधकामात्मक केलंय हे सगळ्यांना माहीत आहे. ती चूक धरून तुम्ही महिनाभर आमची खिल्ली उडवताय. दोन वर्षांची मेहनत आहे यामागे. उपहासाबद्दल कायमची बंदी."

धाकटे, शब्द विधायक असा आहे. विधायक सूचना. शाळेतल्या मुलाला माहीत असतो. तो सोडून हे मशीनकडे गेले, मशीनने बांधकाम सांगितलं, आणि माझ्यासारख्या बाईने त्यावर विश्वास ठेवून बांधकाम तपासलं तर तो उपहास! माझ्यावर आयुष्यात खूप आरोप झाले. कडक म्हणाले, खडूस म्हणाले, एका ठेकेदाराने तर भिंत म्हटलं. पण विनोदाचा आरोप माझ्यावर आजपर्यंत कुणी केला नव्हता.

तेव्हा तुझ्या मुलाला सांगायचं ते असं. आपला गेम बघून सगळं जग हसतंय असं वाटून तो दार लावून बसलाय, हे त्याचं गाढवपण आहे. जग हसतंय ते मला, आणि मला चालतं. त्याची चूक दुसरीच आहे. तो सगळ्यांचं ऐकतो. अर्ज सगळ्यांचा घ्यावा, पोच सगळ्यांना द्यावी, निर्णय मात्र स्वतः द्यावा आणि एकदाच द्यावा. ज्याला पडायचंय त्याच्यासाठी मागच्या बाजूला वेगळा, बिनकठड्याचा जिना काढावा आणि पाटी लावावी. यात रडण्यासारखं काय आहे? आणि काकाच्या दुकानात तो काय करणार? एक गिऱ्हाईक निळी फरशी मागेल, दुसरं हिरवी, आणि हा दिवसभर एकच फरशी पुढे-मागे करत बसेल.

मी बरी आहे. चहा कमी केलाय. मेहुण्यांना नमस्कार.

तुझी,
ताई

ता.क. १ : गरम इस्त्री म्हणजे मी, हे भोंग्याला अजिबात कळू देऊ नकोस. मावशीने केलं म्हणून तो माफ करेल, आणि मला माफी नको आहे. मी चुकलेली नाही.

ता.क. २ : पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं. बंदी उठवायला सांग. मावशीसाठी म्हणून नको, इस्त्री नावाच्या इसमाला एक संधी द्या, असं मोघम सांग. कट्टा गेला खड्ड्यात. पण चौथ्या मजल्यावर मोरीशेजारची खोली मी घेतली होती. मोरीला उतार नाही, हे मला कळलं कसं असं तुला वाटतं? खिडकी पूर्वेला पाडलीय, दार बरोबर आत उघडतं, पाणी जायला मी स्वतः नाली खोदलीय. बंदी आली तेव्हा आत दिवा तसाच जळत राहिलाय. तो सारखा डोक्यात येतो.

ता.क. ३ : 'बुरूज' भंगार आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. सगळा कप्पा पुन्हा वाच म्हणावं. भंगार इमारतीची तपासणी मी करत नाही, ती पाडायला सांगते.

ता.क. ४ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात भोंग्याचा मेसेज आला. आहे तसा देते. "मावशी, मोरीचा उतार दाराकडे काढतात की भिंतीकडे? मित्र काहीही सांगतायत. काकाला नाही म्हणून कळवलंय. आणि तुझी नाली बघितली, बंदी उठवून चौथ्या मजल्याचं दार उघडलंय, तो दिवा मालव, तेल वाया चाललंय." खाली इस्त्रीचं बारीकसं चित्र. त्याला कुणी सांगितलं? तू तर अजून पत्र वाचलेलंच नाहीस! मी एवढंच उत्तर पाठवलं की उतार भिंतीकडे, आणि हे विचारायला दोन वर्षं लागली. दिवा मी मालवणार नाही. तेल त्याचं आहे.