स्वादुपिंड दिसलं का?

इंझोरी,
१९ जानेवारी २०२५

चि. सपना,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. तूर सोंगून झाली. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. परीक्षेचा फॉर्म तू भरला नाहीस, हे तुझ्या खोलीतल्या योगिनीकडून कळलं.

मंगळवारी मी एका मेडिकल कॉलेजात जाऊन आले. तुझ्या नव्हे, दुसऱ्या. सोनोग्राफीच्या परीक्षेत पोरांना तपासायला माणसं पाहिजे होती. आपल्या गावची आशा सेविका धनीबाई म्हणाली, "काकू, निस्तं पडून राह्याचं हाये." तू जे सोडून बसलीस ते एकदा बघावं म्हणून गेले. उपाशीपोटी या म्हणाले होते, पण कारंजाच्या स्टँडवर भूक लागली आणि मी पोहे खाल्ले.

एका उंच पोरानं पोटावर गार जेल लावलं. यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड, सगळं पडद्यावर दाखवलं. परीक्षक बाईंनी विचारलं, "स्वादुपिंड?"

"नॉर्मल आहे, मॅडम."

"दिसलं का?"

त्यानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "गॅसमुळे दिसत नाही."

"मग नॉर्मल कशावरून?"

मी म्हटलं, "बाई, मलेच नापास करा. मी पोहे खाऊन आली." सगळे हसले. त्याला मात्र पुन्हा बसावं लागणार आहे. बाई त्याला म्हणाल्या, दिसलं नाही म्हणून मी मार्क कापत नाही. दिसलं नाही हे सांगितलं नाहीस, म्हणून कापते.

मला टेबलावरून लवकर उठता आलं नाही.

सपना, २०२३ च्या दिवाळीआधी कॉलेजातल्या सरावाच्या मशीनवर बाबांना बघून तूही म्हणाली होतीस, सगळं नॉर्मल आहे. त्यांचा रोग तिथंच होता, स्वादुपिंडात. ते गेल्यावर मी तुला म्हणत आले, तुझी काही चूक नाही. होती. तेवढी तुझी होती.

आता माझी ऐक. त्या दिवाळीपासून त्यांचं पोट दुखायचं, कळ पाठीत जायची. मी म्हणायची, अकोल्याले दाखवू. ते म्हणायचे, "कायले? माह्या लेकीनं पाह्यलं ना. दुसऱ्याले दाखवलं तर तिले काय वाटन?" तुला सांगायचं नाही, असं मला बजावलं होतं. पाच महिने तू दर रविवारी फोनवर विचारलंस, बाबा कसे आहेत? मी दर रविवारी सांगितलं, मजेत आहेत. ते शेजारीच उशी पोटाशी धरून बसलेले असायचे.

तुला दिसलं नव्हतं. मला दिसत होतं.

फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे म्हणे. हे वाचून माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी समजेन. फॉर्म मात्र भर. माझ्या वाट्याचं ओझंही तूच घेऊन बसली आहेस. ते माझं मला दे.

खरं सांगायला उशीर केलेली,
तुझी आई
बेबी