बरोबरीला शून्य

तीर्थस्वरूप भाऊजींना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्याने संप पुकारल्यामुळे तूर्त कागदावरच). ताईचा दमा आणि तुमचा स्वभाव दोन्ही आटोक्यात असतील, अशी आशा करतो. आमच्याकडे सगळं ठीक, म्हणजे कोणी मेलेलं नाही. बुद्धिबळ मंडळाचे मुख्य पंच म्हणून तुम्ही सगळ्या क्लबांना विचारलंत, की जिंकल्यास तीन गुण आणि बरोबरीला शून्य ही नवी पद्धत कायम करावी का. अभिप्रायाला फॉर्मवर दोन ओळींची जागा आहे. माझा अभिप्राय तेवढ्यात मावत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या सचिवांचं (शाळेत गणित शिकवायचे, ते निवृत्त झाले, गणित झालं नाही) म्हणणं असं, की बरोबरी म्हणजे निव्वळ आळस. दोन माणसं लढायला बसतात आणि पंधरा मिनिटांत हात मिळवून चहा ढोसतात, त्यांना अर्धा अर्धा गुण कशाबद्दल? ऐकायला पटतं हो. पण हीच मोजणी घरात लावली तर माझा आणि हिचा एकतीस वर्षांचा संसार शून्यावर येईल. आमच्यात आजवर कोणीच जिंकलेलं नाही. कोणी जिंकलं असतं तर संसार टिकला असता का?

चष्मेवाला तुम्हाला आठवत असेल. माझ्या कवळ्यांच्या दुकानासमोरच त्याचं दुकान. (गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे जातं, मग दहाएक वर्षांनी माझ्याकडे येतं.) आम्ही दोघं गेली एकोणीस वर्षं दर रविवारी क्लबात, म्हणजे लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत घामाघूम होत एकच डाव खेळत आलो. एकच म्हणजे अक्षरशः एकच. त्याच बारा खेळ्या, त्याच क्रमाने. मग तो मान वर करून "बरोबरी?" म्हणणार, मी "बरोबरी" म्हणणार, आणि पुढचे दोन तास आम्ही जगाला नावं ठेवणार. तेरावी खेळी कशी असते ते आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

नवा नियम आल्यावरच्या पहिल्याच रविवारी बारा खेळ्या झाल्या, त्याने सवयीने मान वर केली, आणि मी नाही म्हणालो. सचिव कमरेवर हात ठेवून शेजारीच उभे. मी म्हटलं, खेळ बाबा पुढे. भाऊजी, तो बराच वेळ पटाकडे बघत बसला. मग घोडा उचलला आणि हत्तीसारखा सरळ नेला. सगळे हसले, कारण चष्मेवाल्याचा विनोद पहिल्यापासून असाच, तोंडावरची रेषही न हलवता. मीही हसलो. सचिवांनी घोडा जागेवर ठेवून ताकीद दिली. त्याने तोच घोडा पुन्हा उचलला, हवेत धरला आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "हा कसा जातो रे?"

मला कवळीचा ठसा बघून माणूस कुठल्या बाजूने चावतो ते सांगता येतं, पण समोर बसलेल्या माणसाचं काय हरवत चाललंय हे मला कळलं नाही. कळणार तरी कसं? त्या बारा खेळ्या त्याच्या हाताला पाठ होत्या, आणि जगाला नावं ठेवायला स्मरणशक्ती फारशी लागत नाही. घोडा अडीच घरं जातो, एवढंच सांगायचं होतं. सगळ्यांदेखत सांगितलं असतं तर त्याची शोभा झाली असती. सांगितलं नाही म्हणून ती झालीच. घोडा पुन्हा सरळ गेला. दुसऱ्या चुकीला डाव जातो, हा तुमचाच नियम. मला तीन गुण मिळाले, सचिवांनी माझी पाठ थोपटली, आणि घरी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर पाच रविवार झाले, तो वर खोलीत आलेला नाही. दुकान त्याची सून बघते. मी मात्र जातो, सोंगट्या मांडतो आणि दोन्ही बाजूंनी त्याच बारा खेळ्या खेळतो. रागावला असेल म्हणून मी त्याच्या दुकानाकडे बघायचं टाळतो (समोरासमोर दुकानं असताना हे फार कष्टाचं काम आहे). मला त्याच्यावाचून करमत नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. ताईला सांगू नका, ती हसेल.

तर अभिप्राय असा: बरोबरीला अर्धा गुण द्यावा. दोन माणसं जशी बसली तशीच उठली, तर त्यांना काहीतरी मिळायलाच हवं.

तुमचा मेहुणा,
कवळीवाला

ता. क. वरच्या मजकुराला तत्त्वाचा वास येत असेल म्हणून सांगून टाकतो. आमच्या क्लबात हा नियम एका मताने मंजूर झाला. ते मत माझं. बाराव्या खेळीनंतर माझी बाजू वरचढ असते, असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं.

आणखी एक ता. क. अभिप्राय फाडून टाकलात तरी चालेल. काम वेगळंच आहे. काल लॉन्ड्रीवाल्याने सांगितलं, चष्मेवाला रागावलेला वगैरे काही नाही. दर रविवारी तो दाढी करून, आम्हा सगळ्यांच्या आधी येतो. जिना चढतो. दारावर त्या डावाच्या निकालाचा, तुमच्या सहीचा कागद लावलाय, तो वाचतो. "मी हरलो?" असं लॉन्ड्रीवाल्याला विचारतो आणि घरी जातो. पुढच्या रविवारपर्यंत विसरतो, मग पुन्हा येतो आणि पुन्हा हरतो. असा तो माझ्याकडून पाच वेळा हरलाय. तो कागद बदलायचा अधिकार फक्त तुम्हाला आहे. नियम मोडतोय, ठाऊक आहे. तरी त्याच्या नावापुढे अर्धा गुण लिहून सही करा आणि शनिवारच्या आत पोचेल असा पाठवा. माझ्या नावापुढे काहीही लिहा.