नंदीखालची गिटार

मु. आर्वी,
गणपती उठल्याच्या दुसऱ्या दिवशी

तळेगाव मुक्कामी तानबाजी यांना आर्वीचा तुमचा जावई रूपराव (अजून जावई धरत असाल तर) दोन्ही हात जोडून रामराम करतो. मनकर्णावहिनींचा गुडघा आता कसा आहे? सोयाबीन पिवळं पडलं असं ऐकलं, ते खरं का? अथी माही तब्येत ठीक आहे. म्हणजे वरणात मीठ दोनदा पडते आन भाजीत एकदाही नाई, पण त्यानं माणूस मरत नाई. तुमची बहीण तुमच्याकडे मजेतच असंल. ती मजेत आहे का, हे मी विचारून राह्यलो नाई. सहज लिहिलं.

आता फोन सोडून पत्र कायले, असं तुम्ही म्हणाल. तर तुमच्या घरचा फोन आजकाल तीच उचलते आन माहा आवाज ऐकला की "राँग नंबर" म्हणून ठेवून देते. आपल्या गुंजनचं लग्न होऊन तिची पोरगी शाळेत जायले लागली, एवढा जुना संसार, आन नवरा राँग नंबर! म्हणून म्हटलं, लिहूनच पाठवावं, एसटीचा कंडक्टर ओळखीचा आहे. तानबाजी, तुम्ही तिचे मोठे भाऊ, तुम्हीच न्याय करा. आर्वीले या, आमच्या दोघांच्या मधात बसा, आन सुलोचनाकडून एवढंच कबूल करून घ्या की तिनं मले त्या फळीबद्दल एका शब्दानं सांगितलं नव्हतं. ती म्हणते सांगितलं. मी म्हणतो नाई. बस्स, झगडा एवढाच आहे. ती कबूल झाली की मी मोठ्या मनानं माफ करतो आन ती घरी येते.

पण गोठ मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही एकतर्फी ऐकून बसला असाल. माहं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद झालं ते तुम्हाले माहीतच आहे. आता टीव्ही कोणी दुरुस्त करत नाई, बिघडला की भिंतीवरून काढते आन दुसरा लावते. शटर पाडल्यावर मी ओसरीत खुर्ची टाकून रस्ता पाहत बसो. (रस्ताही पाहण्यासारखा नाई, नुसते गड्डे.) तुमची बहीण म्हणे, काहीतरी करा बाप्पा, असे मुकाट नका बसू, मले धाक पडते. मी म्हणो, काय करू? तशात एक दिवस ओमप्रकाश आला. ओमप्रकाश म्हणजे धुमाल पार्टीवाला, वरातीत ज्याच्या ढोलानं खिडक्यांच्या काचा हालतात तोच. त्याच्या पार्टीतली इलेक्ट्रिक गिटार मुकी झाली होती. मी उघडून पाह्यली आन हसूच आलं. आत काय, तर चुंबक, त्याच्यावर केसावानी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, दोन बटनं, आन बाकी पोकळी. ज्यानं जन्मभर टीव्ही खोलले त्याले हे म्हणजे खेळणं! गिटार तर बोलती करून दिलीच, पण मनात किडा शिरला की अशी एक आपणच बनवावी.

वीज माह्या घरची, तानबाजी, पण लाकूड परकं. विजेचं काम झ्याक झालं. तुमच्या बहिणीच्या शिलाई मशीनच्या ज्या चाकावर बॉबिन भरतात ना, त्याच्यावर चुंबक बसवलं. पायानं मशीन ती चालवे आन तार मी धरो. तार तुटली की ती म्हणे, "अहो, ढिली धरा", आन मी म्हणो, "तुले काय समजते?" (मंग मी ढिली धरली आन ती तुटली नाई, पण तो योगायोग होता.) लाकडानं मात्र घात केला. पहिली गिटार केली बाभळीची. बाभूळ म्हणजे वखराचं लाकूड, पिढ्यान्‌पिढ्या टिकते, मले वाटलं गिटारही टिकंल. ओमप्रकाशनं ती गळ्यात अडकवली आन तो जागेवरच खाली बसला. म्हणे, काका, ही वाजवायची का हिच्यानं वावर वखरायचं? शिवाय मानेवरच्या बारीक पट्ट्या मी फूटपट्टी लावून सारख्या अंतरावर ठोकल्या होत्या. त्या सारख्या नसतात म्हणे, एका बाजूनं जवळ जवळ येत जातात. त्याच्यानं वरातीचं गाणं वाजवलं तरी प्रेतयात्रा निघाल्यावानी वाटे. ओमप्रकाश म्हणते, त्यानं मले आधीच सांगितलं होतं. आजकाल जो तो म्हणते, सांगितलं होतं.

गुंजन पुलगावहून आलती, ती म्हणाली, "बाबा, हे बनवताना व्हिडिओ काढा, लोकं पाहतात." तसं "घरची गिटार" नावाचं चॅनल सुरू केलं. मोबाईल कोण धरणार? तुमची बहीण. तिचा हात पक्का आहे हे मी मान्य करतो, तासभर धरला तरी हालत नाई. पण तोंड? मी कॅमेऱ्यासमोर गंभीरपणे सांगून राह्यलो की आता आपण सोल्डरिंगचा टाका मारू, आन मागून आवाज, "दूध उतू चाललं!" मी रंधा मारून राह्यलो, आन मागून, "एवढी ताकद मिक्सर दुरुस्त करायले लावली असती तर चटणी झाली असती." असं कोण पाहील? म्हणून मी व्हिडिओ टाकताना खालचा सगळा आवाज बंद करो आन वरून संगीत चढवो. दिसे फक्त तिचा दुसरा हात. हिरव्या बांगड्यांचा हात मधीच यायचा, चहाचा कप ठेवायचा आन जायचा.

आता फळीची गोठ. लाकूडवाला म्हणाला, गिटारले वर्सानुवर्सं वाळलेलं सागवान पाहिजे, ओलं लाकूड पावसात कुबड काढते. माळ्यावर शोधता शोधता मले सापडला तुमचा लहानपणचा, तान्ह्या पोळ्याले पोरं दोरीनं ओढतात तो लाकडी नंदी. तुमच्या बाबांनी, आमच्या मामाजींनी, हातानं कोरलेला, ज्याले तुम्ही ओढला, मंग तिनं ओढला, मंग तो तिच्यासंगं आमच्या घरी आला आन गुंजननं ओढला. तुमचा राग यायच्या आधी लिहितो: नंदीले मी हात लावला नाई. देवाशपथ. मी त्याचे चारही पाय भोकातून अलगद काढले, धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्याले पेटीत निजवलं, आन फक्त खालची चाकाची फळी घेतली. फळी म्हणजे काय, देव थोडाच असते? सागवान असं, की करवत लावली आन वास घरभर झाला. तिची गिटार केली, वरच्या अंगाले दोन शिंगं ठेवली, गिटारले असतात तशी, आन तानबाजी, काय सांगू, वाजली! पट्ट्या बरोबर, वजन बरोबर, आवाज भरदार. ओमप्रकाश जागेवरून हालेना. मले वाटलं, झालं, आता आपण रस्ता पाहणारे नाई.

आन तितक्यात तान्हा पोळा आला. गुंजन आपल्या पोरीले, आचलले, घेऊन आली, नंदी धुवायले पेटीशी गेली, आन तिथूनच "अगं माय!" असा आवाज आला. नंदी होता, खाली काही नव्हतं. पोरगी नवा फ्रॉक घालून दारात उभी, गल्लीतले पोट्टे नंदी घेऊन निघून राह्यले, आता काय करता? मी म्हटलं, घाबरू नका, भोकं तर तिथंच आहेत. गिटार पालथी केली, मागच्या बाजूले नंदीचे पाय बसवले, खाली चाकं ठोकली आन मानेले दोरी बांधली. म्हणजे वर नंदी, खाली तारा, पुढं लांब मान. दुरून मगर वाटे, पण चालला. शाळेच्या पटांगणात सगळ्या पोरांचे नंदी रांगेत, आन तिथं हा ओमप्रकाश आपला स्पीकरचा ठेला घेऊन हजर. त्यानं गमतीत गिटारले वायर जोडली. मी नको म्हटलं नाई (आ बैल मुझे मार, दुसरं काय). आचलनं दोरी ओढली, तारेले खडा लागला, आन नंदी असा हंबरला की शेजारच्या वाड्यातली खरी गाय उत्तर द्यायले लागली. पोरं नाचली. पंचांनी पहिला नंबर दिला. लोकांनी पोरांले द्यायची बोजाऱ्याची नाणी आचलच्या हातात न देता गिटारवरच टाकली, तर नंदी दर नाण्याले हंबरे. मी हसून हसून डोळे पुसले आन सुलोचनाकडे पाह्यलं.

ती एक शब्द बोलली नाई. जी बाई दुधासाठी रेकॉर्डिंग तोडते, ती एक शब्द नाई. घरी येऊन नंदीचे पाय भोकातून काढले, पदरानं त्याले पुसलं, पिशवीत ठेवलं, आन म्हणाली, "मी सांगितलं होतं." मी म्हटलं, "कधी? कधीच नाई." ती पिशवी उचलून एसटी स्टँडवर गेली. मले अजून समजलं नाई, सांगितलं नसताना सांगितलं म्हणणाऱ्या माणसाले काय म्हणावं.

तिच्यामागं चॅनलचं काय झालं तेही ऐका. मोबाईल लोणच्याच्या बरणीले टेकवून व्हिडिओ काढला, तर आख्ख्या व्हिडिओत माहं पोट. दुसऱ्यांदा पाण्याच्या टाकीवर ठेवला, तो पॉलिशच्या डब्यात पडला. आन लोकं लिहितात काय? "काका, चहाचा हात कुठं गेला?" अमरावतीहून एक जण लिहिते, "बांगड्या दिसल्या नाई, घरी सगळं बरं आहे ना?" गिटारबद्दल एकही नाई! मी मुद्दाम सगळ्यांले उत्तर दिलं की हात माहेरी गेला आहे.

असो. आता पुराव्याची गोठ. फळी कापली त्या दिवसाचा व्हिडिओ माह्याकडे मूळचा आहे, आवाजासकट, मेमरी कार्डात. तो मी अजून ऐकला नाई, कारण आवाज मी कधीच ऐकत नाई, थेट बंद करतो. उद्या सकाळी ऐकतो, मंग तुम्हाले कळंल की त्यात दुधाचा आहे, मिक्सरचा आहे, पण फळीचा एक शब्द नाई. तवर पाकीट चिकटवत नाई. वहिनींना नमस्कार, घरच्या लहानांना आशीर्वाद, आन तुम्ही न्यायाधीश म्हणून लवकर येजा, मी वरण चांगलं करायचा प्रयत्न करीन.

तुमचा,
रूपराव

ता. क. सकाळ झाली. ऐकलं.

तानबाजी, तिनं सांगितलं होतं. एकदा नाई. आधी म्हणाली, "अहो, ही नंदीची फळी आहे ना?" मी म्हटलं, "हूं." मंग म्हणाली, "बाबांच्या हातची आहे, इले नका लावू करवत." मी म्हटलं, "हूं, जरा उजेडाच्या बाजूनं धर." मंग म्हणाली, "तान्हा पोळा येऊन राह्यला, आचल काय ओढंल?" आन मी, तुमचा शहाणा जावई, म्हणालो, "चूप राह्य ना, रेकॉर्डिंगमधी आवाज येते." हा माहाच आवाज आहे, मले ओळखू आला.

त्याच्यापुढं बराच वेळ नुसती करवत. मी खाली पाहून शीळ घालून राह्यलो होतो, हे मले माहीतही नव्हतं. आन मंग ती हळूच, मले नाई, मोबाईललेच बोलली: "कापा मंग. किती दिवसांनी शीळ घातली यांनी." आन तानबाजी, एवढं होऊनही चित्र हाललं नाई. शेवटपर्यंत हात हालला नाई. मी ते परत परत ऐकलं आन मले रडू आलं, लिहायले लाज कायची.

ता. क. दुसरा. पत्रातला न्यायाधीशाचा मजकूर खोडायचा होता, पण मंग आख्खं पत्रच खोडावं लागते, म्हणून तसाच ठेवला. आताच गिटारच्या तारा काढल्या, मान काढली, वीज काढली. ओमप्रकाश विकत मागत होता, त्याले हाकलून दिलं. फळीले चाकं बसवली आहेत. बैल गेला आन झोपा केला, हे माहीत आहे मले, पण आता ती फळी पूर्ववत होत नाई; तिची दोन शिंगं राहतीलच. नंदीले वर दोन होती, खाली दोन आली, एवढं मामाजी सांभाळून घेतील. आन तो व्हिडिओ मी संगीत न टाकता, दुधासकट, मिक्सरसकट, "चूप राह्य" सकट जसाच्या तसा चॅनलवर टाकला. लोकं मले शिव्या देऊन राह्यले. बरोबर देऊन राह्यले.

ता. क. तिसरा. हे पत्र आज दुपारच्या एसटीनं येते, उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं मी येतो, काखेत फळी घेऊन. तुम्ही न्याय करायले आर्वीले येऊ नका. उलट एक उपकार करा: उद्या सकाळी वहिनींना घेऊन वावरात जाजा, सोयाबीन पाहाले म्हणा. दार तिलेच उघडू द्या. मी बोलणार नाई, तानबाजी. ती जे बोलंल ते ऐकणार आहे.